वीस दोऱ्या आणि वीस दोऱ्या

वाटणीच्या वेळी एकाच दोरीने, एकाच दिवशी, वीस वेळा दोरी टाकून मोजलेली थोरल्या भावाची जमीन तळ्याच्या काठाने दोनशे मीटर चाळीस सेंटिमीटर भरली. त्याच दोरीने, त्याच दिवशी, वीसच वेळा दोरी टाकून मोजलेली धाकट्या भावाची जमीन एकशे अठ्ठ्याऐंशी मीटर सत्तर सेंटिमीटर भरली.

मोजणीदाराने आज यंत्रावर आलेले हे दोन आकडे वाचून दाखवले तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि घरातल्या बहुतेकांचे त्याच्याकडे लक्ष नव्हते.

लक्ष होते ते टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या सहा इमारतींकडे. बिल्डरबाईंनी सकाळी दोन माणसांच्या हातून ही प्रतिकृती आणवली होती. निळ्या काचेचे तळे, हिरव्या स्पंजची झाडे, आणि नखाएवढी, सुट्टीवर आलेली माणसे. त्यांतले एक माणूस आरामखुर्चीत पाय लांब करून पडले होते. नेमके त्या जागी, जिथे गेल्या हंगामापर्यंत बटाट्यांचा ढीग लागत असे.

"ही आमची," धाकट्या भावाच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "दोन्ही बाजूंना गॅलरी. ताई, तुम्ही शेजारचीच घ्या."

"तिसऱ्यावर चढणार कोण?" थोरली जाऊ म्हणाली.

"लिफ्ट आहे की!"

"लिफ्ट बंद पडली की मग मी वर आणि तुम्ही खाली. गप्पा मारायला खिडकीतून दोर सोडायचा का?"

दोघी जावा हसल्या. वाटणीनंतरच्या एकेचाळीस वर्षांत या दोन घरांनी तीन लग्नांत आणि एका अंत्ययात्रेत एकमेकांना पाहिले होते, पण एका टेबलाशी बसून चहा घेतला नव्हता. तीन वर्षांपूर्वी थोरल्या भावाचा, म्हणजे सगळ्यांच्या दादाचा, मृत्यू झाला, तेव्हाही धाकटी पाती फाटकाजवळ उभी राहून परतली होती. जे त्या मृत्यूने साधले नव्हते ते सहा पुठ्ठ्यांनी पाच आठवड्यांत साधले होते. त्यामागचे कारण उदात्त नव्हते. तळ्याचा काठ सलग मिळाला तरच इमारती उभ्या राहणार होत्या, आणि सलग काठासाठी दोन्ही घरांच्या सह्या लागणार होत्या.

"पडद्यांचं कापड मी आणलंय," काकू आत्याला सांगत होत्या. "शिवणार तुम्हीच. आजच कापून ठेवता?"

आत्या, दोघा भावांची धाकटी बहीण, गावात शिवणकाम करत असे. तिने कापडाचा काठ दोन बोटांत चोळून पाहिला. "आधी रात्रभर भिजवायचं. न भिजवता कापलं तर पहिल्या धुण्यातच पडदा खिडकीच्या वर जाईल. मग तळ्यावरच्या नावा तुम्हाला बघतील, तुम्ही नावांना."

"मीटरभर कापड एवढं कुठे आखडतं?"

"माझ्याकडे आलेली रडणारी गिऱ्हाइकं दाखवू का?"

त्या हशातच काका, म्हणजे धाकटा भाऊ, उठले. उठताना त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. बसण्यापूर्वी प्रत्येक खुर्ची या रुमालाने पुसण्याची त्यांची सवय पंचक्रोशीला माहीत होती. औषधांच्या दुकानात पस्तीस वर्षे काढल्याचा तो परिणाम, असे ते स्वतः सांगत. लोकांच्या मते कार्यकारणाचा क्रम उलटा होता. माणूस मुळातच असा होता, म्हणून त्याने औषधांचे दुकान काढले.

"आकडे पुन्हा वाचा," ते मोजणीदाराला म्हणाले.

मोजणीदाराने वाचले. या वेळी सर्वांनी ऐकले.

काकांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो राग नव्हता. तो, सांगायला विचित्र वाटते, पण आनंद होता. वाटणीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी दोन्ही शेतांतल्या बटाट्याच्या सऱ्या मोजल्या होत्या. दादाच्या दोनशे शहाऐंशी, आपल्या दोनशे एकोणसत्तर. तेव्हापासून सतरा सऱ्यांचा हा फरक ते मनात बाळगून होते. लोक म्हणत, सऱ्यांतले अंतर कमीजास्त असेल. आज तिवईवरच्या यंत्राने, ज्याला ना भाऊ ना भावकी, तेच सांगितले होते.

"अकरा मीटर सत्तर," ते म्हणाले. "मधला हद्दीचा दगड सहा मीटर माझ्याकडे सरकवला की एवढाच फरक पडतो. वाटणीच्या दिवशी मी स्वतः मोजलं होतं, मोठ्याने. त्याचे वीस, माझे वीस. मग रातोरात दगडाला पाय फुटले."

"भाऊजी," थोरली शांतपणे म्हणाली, "फरक आहे ना? मग द्यायचा. नऊ फ्लॅट आम्हाला, आठ तुम्हाला, असं ठरलंय. आमचा नववा तुम्ही घ्या. आत्ता लिहून देते."

काकूंचा हात नकळत तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यावर गेला.

"फ्लॅट नको, वहिनी. वाक्य हवं." काकांनी आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. वाक्य तयारच होते. 'मधला हद्दीचा दगड थोरल्या भावाने सरकवल्यामुळे ही तफावत झाली, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.' "हे करारात घाला. मग मी सही करतो."

थोरलीने कागद वाचला, घडी होती तशी घातली आणि परत दिला. "फ्लॅट घ्या. दोन घ्या. याखाली माझी सही होणार नाही."

"मग कशाखालीच होणार नाही," काका म्हणाले.

बिल्डरबाईंनी घड्याळ पाहिले. त्या आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "माझी मुदत सहाला संपते. पलीकडच्या काठाचे लोक पेन काढून बसलेत. मला तळं हवंय. ते कुठल्या काठावरून दिसतं, याने माझ्या गिऱ्हाइकांना फरक पडत नाही." आणि प्रतिकृतीवरची निळी काच रुमालाने पुसून त्या बाहेर मोटारीत जाऊन बसल्या.

"अहो," काकूंनी नवऱ्याला खिडकीशी गाठले, "मेलेल्या माणसाकडून कबुली घेऊन तुम्ही काय करणार? भिंतीला लावणार?"

"हो," काका म्हणाले.

"मग भिंत तरी हवी ना! तीही जातेय हातची."

काकूंनी चहाचा कप उचलला आणि त्या थोरलीशेजारी जाऊन बसल्या. एकेचाळीस वर्षांत घराने पाहिलेले हे पहिले पक्षांतर होते. आत्या मात्र जागची हलली नाही. तिने आयुष्यभर भाऊची, म्हणजे धाकट्या भावाची, बाजू घेतली होती. तोही दादाइतकाच खरे बोलतो, हे तिला माहीत होते, आणि दोन खरे बोलणाऱ्या माणसांचे करायचे काय, हे कोणी तिला शिकवले नव्हते.

थोरलीची मुलगी इतका वेळ मोजणीदाराच्या वहीत डोके घालून होती. ती माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत असे. तिने मान वर केली. "काकांचं म्हणणं तपासून बघायला हवं."

थोरलीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की दुसरी एखादी मुलगी गप्प बसली असती. "तू कोणाच्या बाजूची?"

"आकड्यांच्या. आई, बाबा दर वर्षी पेरणीआधी स्वतःची हद्द मोजायचे ना? त्याच दोरीने?"

"दर वर्षी. 'माझे वीस बरोबर आहेत,' म्हणायचे आणि दोरी खुंटीला लावायचे. दुसऱ्या कशाला वापरू द्यायचे नाहीत. एकदा वासरू बांधलं मी तिने, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

"आणि काकांची हद्द?"

"तिकडे पाऊल टाकायचे नाहीत. ज्याने चोर म्हटलं त्याच्या बांधावर जायचं नाही, म्हणायचे."

म्हणजे बाबांनी अडतीस वर्षे अर्धाच प्रयोग केला होता, असे मुलीच्या मनात आले. ते तिने आईला सांगितले नाही.

दोरी कोठारात खुंटीला होती. तागाची, अंगठ्याएवढी जाड, दोन्ही टोकांना गाठ, पिळाच्या खाचांत जुनी सुकलेली धूळ. मोजणीदाराने अंगणात ती ताणून पोलादी फीत लावली.

"दहा मीटर दोन सेंटिमीटर."

"गुणिले वीस," मुलगी म्हणाली.

"दोनशे, वर चाळीस. म्हणजे दोनशे मीटर, चाळीस..." मोजणीदार थांबला. त्याने वही पाहिली. कामात त्याला सहसा काही वाटत नसे. या क्षणी त्याच्या भुवया वर गेल्या. "तंतोतंत."

"काका, दगड सरकलेला नाही. बांधापासून वीस दोऱ्या, तिथेच दगड. सहा मीटर सरकवला असता तर वीस भरले नसते, वीस आणि वर अर्धी दोरी भरली असती."

थोरलीने डोळे मिटले. काकूंनी तिचा हात दाबला.

"असं?" काकांचा आवाज चिरकला. "मग माझे वीस कुठे गेले? एकशे अठ्ठ्याऐंशीत या दोरीचे अठरा बसतात, एकोणीसही पुरते नाहीत. मी वीस मोजले! एकोणीस वर्षांचा होतो, आंधळा नव्हतो. मोजले की नाही मी, छोटे?"

"मोजलेस," आत्या म्हणाली. "मीही मोजले. वीसच होते."

हे खरे कोडे होते, आणि मुलीला ते आता पहिल्यांदा पूर्ण दिसले. तिचे कान गरम झाले. प्रयोगशाळेत वर्षातून एखाद्या वेळी असे होई: दोन निकाल, दोन्ही बरोबर, आणि एकमेकांशी न जमणारे. अशा वेळी माणसांवर संशय घेणे हा आळशीपणा असतो.

"मला तो दिवस सांगा," ती म्हणाली. "अनुमान नको. काय झालं, तेवढंच. क्रमाने."

"सकाळी दादाचा वाटा मोजला," काका म्हणाले. "दोरीचं एक टोक दादाने धरलं, एक छोटीने. मी मोजत बाजूने चाललो. दुपारी माझा. माझ्या वाट्याला मी स्वतः टोक धरलं. शेवटी जो दलदलीचा कोपरा उरला, तो दादाने छोटीला दिला."

"सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये?"

"जेवलो."

"बस, एवढंच?"

"जेवायला काय दोरी लागते?"

"मी उशिरा जेवले," आत्या म्हणाली. "आधी दोरी धुतली."

"कशाला?"

"याने सांगितलं म्हणून." आत्याने भावाकडे हनुवटी केली. "शेतात नुकतंच शेणखत टाकलं होतं. सकाळभर दोरी त्यातून ओढली. आता टोक याला धरायचं होतं, आणि याची पांढरी पँट! 'असली दोरी मी हातात धरणार नाही,' म्हणाला. मी अकरा वर्षांची. दोरी हौदात टाकली, तुमची जेवणं होईस्तोवर भिजू दिली, मग खसाखसा..."

ती थांबली.

तिच्या मांडीवर पडद्याचे कापड होते. तिने खाली कापडाकडे पाहिले, मग अंगणातल्या दोरीकडे. शिवणकामाला लागल्यापासून तिने न भिजवता एका कापडाला कात्री लावली नव्हती. गावातल्या दोन पिढ्यांना तिने या एका गोष्टीवरून रागावले होते.

"आखडली," आत्या म्हणाली. मग ओरडलीच, "अगं बाई, आखडली! दोरी आखडली!"

"काय बोलतेस?" काका म्हणाले. "दोरी म्हणजे काय परकर आहे?"

"धागाच ना तो? पीळ घातलेला धागा! पाणी प्यायला की फुगतो, फुगला की आखूड होतो, आणि वाळला की पुन्हा होता तसा!"

"शक्य आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, पण ती एव्हाना हौदाकडे पळत होती. "पण शक्य आहे आणि झालं आहे, यांत फरक असतो. किती वेळ भिजली होती, आत्या?"

"तुझे काका जेवायला पाऊण तास घेतात. तेव्हाही घ्यायचे. प्रत्येक घास तपासून."

साडेतीनला दोरी पाण्यात गेली. सव्वाचारपर्यंत बाहेर काढायची नाही, असे मुलीने बजावले, आणि मग त्या अंगणात असे दृश्य दिसले, जे पूर्वी कधी कोणी पाहिले नव्हते: दोन घरांतली सगळी माणसे एका हौदाभोवती बसून पाण्याखालच्या दोरीकडे बघत होती. बिल्डरबाई मोटारीतून उतरून आल्या. काय चालले आहे हे कळल्यावर त्यांनी एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या.

"बुडबुडे येताहेत," काकू कुजबुजल्या.

"हळू का बोलताय? तिला ऐकू येत नाही," थोरली म्हणाली.

काका उभेच होते. त्यांनी बसायला जागा पुसली नव्हती, आणि ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोच्या लक्षात आली. त्यांच्या मनात त्या दुपारची पांढरी पँट होती. औषधशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मिळालेली. दादाने ती आपल्या पैशांनी शिवून घेतली होती. एकेचाळीस वर्षांत या पँटची त्यांना एकदाही आठवण झाली नव्हती. सऱ्यांची मात्र रोज होत होती.

सव्वाचारला दोरी बाहेर आली. ती काळपट, ताठ आणि अवजड झाली होती. मोजणीदाराने फीत लावली आणि कोणी विचारण्याआधी दुसऱ्यांदा लावली.

"नऊ मीटर बेचाळीस."

"साठ सेंटिमीटर!" मुलगी म्हणाली आणि मग, स्वतःला आवरून, "एका दोरीला साठ. वीस दोऱ्यांना बारा मीटर. तुमचा फरक अकरा सत्तर आहे, काका. जवळ आहे. पण गुणाकाराने माझं समाधान होत नाही. जमिनीवर टाकून बघू."

"चला!" थोरली म्हणाली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे धरून उठणारी, सर्वांच्या पुढे फाटकाबाहेर पडली.

मधल्या दगडापासून सुरुवात झाली. एक टोक आत्याने धरले. दुसरे मुलीने उचलले होते. काकांनी ते तिच्या हातातून घेतले. दोरी गळत होती, आणि जमिनीला टेकताच तिला चिखल लागला. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"अहो, रुमाल..."

"असू दे."

"एक!" मोजणीदार ओरडला, आणि खुंटी ठोकली. "दोन!"

सातव्या दोरीपासून सगळेच मोजू लागले. बिल्डरबाई टाचांचे बूट हातात घेऊन ढेकळांतून चालत होत्या. मुलगी बादलीतले पाणी दोरीवर शिंपडत बाजूने धावत होती, कारण वाऱ्याने दोरी वाळली तर निकाल बिघडला असता. तळ्यावर ऊन पडले होते. जिथे तिसरी इमारत उभी राहायची होती तिथे बारा झाले. जिथे पोहण्याचा हौद व्हायचा होता तिथे सोळा. अठराव्या दोरीला काका धापा टाकू लागले.

"भाऊ, तुझं टोक दुसऱ्या कुणाला देतोस का?" आत्याने विचारले.

"सोडू नकोस तुझं टोक! एकोणीस!"

शेवटचा दगड गवतात होता. दोरी ताणली गेली. काकांनी चिखलाने भरलेली गाठ जमिनीला लावली आणि वर पाहिले नाही.

"वीस," ते म्हणाले.

गाठीपासून दगड दीड वितीवर होता.

मग सगळे एकदम बोलू लागले. काकू आणि थोरली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मोजणीदार, ज्याचा याच्याशी काहीच संबंध नव्हता, बिल्डरबाईंचा हात हातात घेऊन हलवत होता. मुलीने दीड वीत फितीने मोजली, तीस सेंटिमीटर, आणि सुचवले की एकाच चाचणीवर विसंबणे बरे नाही, दोरी वाळवून उद्या पुन्हा—

"तू गप्प बस गं!" आई, काकू आणि आत्या एका सुरात म्हणाल्या.

"थांबा," आत्या म्हणाली. ती दगडापलीकडच्या दलदलीकडे पाहत होती. "याचे अकरा मीटर दादाकडे नव्हते. मग कुठे होते?"

सगळ्यांनी त्या दिशेने पाहिले. गुडघाभर गवत, दोन बगळे, आणि प्रतिकृतीत जिथे नावांचा धक्का दाखवला होता ती जागा.

"माझ्याकडे!" आत्या कपाळावर हात मारून म्हणाली. "एकेचाळीस वर्षं भाऊची जमीन मी राखली, तीही बेडकांसाठी!"

"राहू दे तुलाच," काका म्हणाले. ते हसत होते, पण त्यांचा चेहरा हसण्याला सरावलेला नव्हता. "तिथे पँट खराब होते."

मग ते थोरलीकडे वळले.

"वहिनी, मी त्याला..."

"दर वर्षी मोजायचे ते," थोरली म्हणाली. "तुम्ही कधीतरी बांधावर याल आणि दुसरं टोक धराल, असं त्यांना वाटायचं. मला म्हणाले नाहीत कधी. पण दोरी खाली काढली की आधी तुमच्या घराकडे बघायचे."

काकांनी हात बघितले. शेतातल्या मातीने ते मनगटापर्यंत माखले होते. ते त्यांनी तसेच राहू दिले.

सहाला बारा मिनिटे असताना करार टेबलावर आला. पुठ्ठ्याच्या तळ्यावर चिखलाची बोटे उमटली, ती कोणी पुसली नाहीत. काकांनी खिशातला कागद काढून फाडला आणि मुलीला म्हणाले, "नवं वाक्य सांग. तुझ्या पद्धतीने. अनुमान नको."

तिने सांगितले, त्यांनी लिहिले. औषधविक्रेत्याचे अक्षर असूनही ते वाचता येत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले नाही. शेवटचे वाक्य त्यांनी स्वतः, कोणी न सांगता जोडले, आणि मग सही केली. त्यांच्याखाली थोरलीने केली. तो मजकूर असा:

'थोरल्या भावाचा वाटा सकाळी कोरड्या दोरीने मोजला, धाकट्या भावाचा दुपारी भिजलेल्या दोरीने. ही तागाची दोरी भिजली की दर मीटरला सहा सेंटिमीटर आखडते. मधला दगड पहिल्या दिवसापासून आपल्या जागी आहे. दोरी धुवायला धाकट्या भावाने सांगितले होते.'